आडोसा आणि कानोसा

‘अवघड जागेचे दुखणे आणि जावई वैद्य’ ही म्हण आपल्या घरांतून थट्टेने वापरली जाते, आणि थट्टेचा रोख बहुधा त्या बिचाऱ्या सासूकडे असतो. दुखणे सोसवत नाही आणि सांगवतही नाही, अशा तिच्या कोंडीचे आपल्याला हसू येते. पण म्हण नीट वाचली तर तीत सासूला कोणी अडाणी म्हटलेले नाही. दुखणे कोठे आहे हे तिला पक्के ठाऊक आहे, त्यावर औषध असते हेही ठाऊक आहे, आणि वैद्य तर घरातच आहे. अडले आहे ते एकाच ठिकाणी. विचारणारा आणि सांगणारी यांचे नाते असे काही सांगण्याजोगे नाही. तेव्हा म्हणीतला दोष सासूच्या लाजेत शोधण्यापेक्षा वैद्याच्या जागेत शोधावा, हे अधिक न्यायाचे होईल.

हे सुचण्याचे कारण असे की, गेल्या सव्वाशे वर्षांत प्लेग, गिरणी, दुष्काळ अशा संकटांत सापडलेल्या आपल्याकडील स्त्रियांच्या प्रकृतीविषयी जे अहवाल आणि जी पुस्तके लिहिली गेली, त्यांतील काही आम्ही अलीकडे एकापाठोपाठ एक वाचून काढली. आम्ही वैद्य नव्हे. आमचा धंदा भाषा शिकविण्याचा, आणि अहवाल हाही भाषेतच लिहिलेला असल्यामुळे तो वाङ्मयाच्या कसोटीवर घासून पाहण्यास हरकत नसावी, अशी आमची समजूत आहे. ही कसोटी अलंकारांची नव्हे. प्रश्न कोणी विचारला, कोणत्या शब्दांत विचारला, उत्तर देणारीला उत्तर देण्यापुरती जागा ठेवली होती काय, आणि दिलेल्या उत्तराचे पुढे काय झाले, एवढेच आम्ही पाहिले.

परंतु दुसऱ्यांची झडती घेण्यापूर्वी आमचा स्वतःचा एक अपराध सांगून टाकणे बरे. २०२० सालच्या टाळेबंदीत मुंबईच्या लोकलगाड्या सामान्य उतारूंना बंद झाल्या, रस्त्यांवर टॅक्सी मिळेनाशी झाली, आणि अनेक रुग्णालये एकाच रोगाच्या कामात गुंतून पडली. त्या महिन्यांत ज्या स्त्रिया गरोदर होत्या त्यांचे काय झाले, याची चौकशी आमची एक विद्यार्थिनी पुढल्या वर्षी भायखळ्याच्या काही चाळींतून करीत होती. प्रश्नावली इंग्रजीत होती. तिचे मराठी करून देण्याचे काम तिने आमच्याकडे दिले, आणि आम्ही ते मोठ्या हौसेने केले. ‘प्रसूतिपूर्व कालखंडात योनिमार्गे असामान्य रक्तस्राव झाला होता काय?’ असे एक वाक्य त्यात होते. सबंध कागदात एकही इंग्रजी शब्द येऊ दिला नाही, याचे त्या वेळी आम्हांस समाधान वाटले होते!

तो कागद घेऊन ती एका खोलीत गेली. खोलीत घरची तरुण सून, तिची सासू आणि दीर असे तिघे बसलेले. सुनेने बहुतेक सर्व प्रश्नांना ‘नाही’ असे उत्तर दिले. मुलगी उठून जिन्यापर्यंत आली, तेव्हा सून तिला पोहोचविण्याच्या निमित्ताने मागोमाग आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, ‘ताई, तुमच्या कागदातलं मला अर्धं कळलंच नाही. सातव्या महिन्यात अंगावरून जायला लागलं. रात्रभर गाडी मिळाली नाही. मूल राहिलं नाही. त्यांच्यादेखत काय सांगू?’ मुलगी आमच्याकडे आली ती रडवेली होऊन. कागदावर ‘नाही’ होते आणि जिन्यात ‘हो’ होते. ‘सर, हे लिहायचं का? ती कागदासाठी बोललीच नव्हती,’ असे तिने विचारले, तेव्हा आमच्यापाशी उत्तर नव्हते. त्या उत्तराच्या शोधात आम्ही जे वाचले त्याचा हा हिशेब आहे.

याच भायखळ्यात या इतिहासाचे एक जुने पान आहे. प्लेगच्या काळातील पुण्याच्या रँडची कथा सर्वांस पाठ आहे. मुंबईची तेवढी नाही. प्लेगची गाठ काखेत किंवा जांघेत येते, म्हणून रोगी शोधावयाचा तर कपड्यांखाली हात जाणार, आणि तो हात बहुतेक वेळा परक्या पुरुषाचा. ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यातील मुसलमान विणकरांच्या वस्तीत प्लेगच्या शोधपथकाने एका लहान मुलीला हलविण्याचा प्रयत्न केला, आणि त्यावरून दंगल पेटली. सरकारी लिखाणात असे प्रसंग लोकांच्या धर्मवेडाचे आणि अज्ञानाचे दाखले म्हणून येतात. रोग खरा होता, पथकाचा हेतूही रोग थांबविण्याचाच होता, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु ज्या वस्तीने पथकाला अडविले ती रोग लपविण्यास निघाली होती की मुलीला झाकण्यास, हा प्रश्न त्या लिखाणाला पडलेला दिसत नाही. पथकाला देहाची माहिती हवी होती, आणि देह झाकण्यापुरता आडोसा त्याने बरोबर आणला नव्हता.

यानंतर चोवीस वर्षांनी लिहिलेला एक अहवाल याहून पुष्कळच वरच्या दर्जाचा आहे. १९१९ साली वॉशिंग्टन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेने बाळंतपणाच्या रजेचा ठराव केला, आणि हिंदुस्थान सरकारने आपल्याकडील कामकरी स्त्रियांची स्थिती तपासावी असे सुचविले. त्यावरून मुंबई सरकारने डॉ. बार्न्स नावाच्या एका स्त्री-डॉक्टरची नेमणूक केली. त्यांचा अहवाल १९२२ साली सरकारच्या ‘लेबर गॅझेट’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील एक खोली, जो कोणी ती एकदा वाचील त्याच्या कायमची लक्षात राहील. दुसऱ्या मजल्यावरील पंधरा फूट लांब आणि बारा फूट रुंद अशी ती खोली. तीत सहा बिऱ्हाडे. बिऱ्हाडे सहा, हे बाईंनी कोणाच्या तोंडून ऐकून लिहिले नाही, त्यांनी जमिनीवरच्या चुली मोजल्या. माणसे लहानथोर मिळून तीस. सहा बायकांपैकी तिघींचे दिवस भरत आलेले. ‘येथे बाळंतपणाला एकान्त कसा करणार?’ असे बाईंनी बरोबरच्या परिचारिकेला विचारले, तेव्हा तिने तीन फूट बाय चार फुटांची एक जागा दाखविली. बाळंतपणाच्या वेळी तेवढ्या जागेला पडदा लावीत असत.

वाङ्मयदृष्ट्या या परिच्छेदाचे मोल कशात आहे? बाईंनी येथे हळहळ व्यक्त केलेली नाही. त्यांनी चुली मोजल्या, खोली मोजली, पडद्याआडची जागा मोजली, आणि वाचकाला त्या खोलीत उभे करून त्या बाजूला झाल्या. मुख्य म्हणजे, त्यांचा प्रश्न त्या तीन गरोदर स्त्रियांना नव्हता. त्यांना शरमिंदे करणारे काही न विचारताच त्यांची दशा त्यांनी नोंदविली. आडोशाची पहिली मोजणी आमच्या माहितीप्रमाणे याच अहवालात आहे.

परंतु याच अहवालात दुसरीही एक मोजणी आहे, आणि ती आम्हांस कमी पटते. गिरणीत जाणाऱ्या बायकांच्या मुलांपैकी ९८ टक्के मुलांना अफू दिली जाते, असे बाईंनी लिहिले. ‘बाळगोळी’ हा शब्द मुंबईच्या चाळींना चांगला परिचित होता. हा आकडा पुढे पुस्तकापुस्तकांतून फिरला, आणि फिरता फिरता एकटा पडला. आई दिवसाचे दहा-अकरा तास सांच्यापुढे उभी, घरी मुलाला धरावयास कोणी नाही, आणि रडणाऱ्या मुलावर सहा बिऱ्हाडे खेकसणार; अशा स्थितीत गोळी देणारा हात कोणत्या विचाराने पुढे होत असेल, हे त्या ९८ मध्ये कोठे मावणार? आकडा वाचणाऱ्या सुखवस्तू वाचकाला त्यातून एवढेच कळते की या बायका मुलांना अफू चारतात. खोलीच्या वर्णनाने जी सहानुभूती मिळविली ती आकड्याने खर्चून टाकली.

तरीही या अहवालाचे फळ खोटे म्हणता येणार नाही. बाळंतपणाच्या भत्त्याचे विधेयक मुंबईच्या कायदेमंडळात आले तेव्हा, जुलै १९२८ मध्ये, डॉ. आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. आईला विश्रांती मिळणे ही राष्ट्राच्या हिताची गोष्ट आहे, असे त्यांच्या प्रतिपादनाचे सूत्र होते. १९२९ साली कायदा झाला आणि कामकरी स्त्रीला बाळंतपणाच्या मागेपुढे काही आठवडे भत्ता मिळू लागला. पुढील काळात गिरण्यांतील स्त्रियांची संख्या मात्र घटत गेली. त्याला इतरही कारणे होती. पण जिला भत्ता द्यावा लागतो तिला कामावरच न घेणे काही मालकांना सोयीचे वाटले, हेही एक होते.

याच सुमारास मराठी भाषेत एक धाडसी प्रयोग चालू होता. प्रा. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत चालविले. शरीराविषयी मराठीत सरळ बोलता येते, हे त्यांनी खटले सोसून सिद्ध केले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू मांडावयास उभे राहिले ते डॉ. आंबेडकरच. परंतु ‘समाजस्वास्थ्य’ची भाषा वाचणाऱ्यांची होती. भायखळ्याच्या ज्या खोल्यांतून वाचता येणारी बाई क्वचितच सापडे, तेथे ती पोहोचण्याचा मार्ग नव्हता. स्वातंत्र्यानंतर सरकार त्या खोल्यांपर्यंत आणि खेड्यांपर्यंत गेले खरे, पण ते एकच प्रश्न घेऊन गेले. मुले किती, आणि ऑपरेशन केव्हा? आणीबाणीत पुरुषांवर झालेल्या सक्तीची प्रतिक्रिया उमटल्यावर तो भार बायकांवर आला. बाईचे पोट हा मोजणीचा विषय झाला. त्या पोटात दुखते काय, हे विचारणारे कोणी नव्हते.

ते विचारले गेले ते गडचिरोलीत. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी १९८६ साली तेथे काम सुरू केले, आणि जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा निबंध आला. दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी झाली होती. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी एक तरी रोग होता. सरासरीने एका स्त्रीमागे ३.६ रोग, आणि पूर्वी अशी तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया फक्त ८ टक्के. हे आकडे जगभर गाजले. १९९४ साली कैरो येथे भरलेल्या लोकसंख्या परिषदेने ‘लोकसंख्येचे नियंत्रण’ मागे सारून ‘प्रजनन आरोग्य’ पुढे आणले, त्याला जी अनेक कारणे झाली त्यांत या निबंधाचाही वाटा मानला जातो.

आमचे लक्ष मात्र त्या निबंधातील एका लहान आकड्याकडे गेले. तपासलेल्या स्त्रियांपैकी ५५ टक्क्यांनी काही तक्रार सांगितली होती. ४५ टक्क्यांनी काहीच सांगितली नव्हती. रोग मात्र ९२ टक्क्यांत निघाला. म्हणजे नुसता कागद घेऊन दारोदार फिरले असते, तर ज्यांनी ‘काही नाही’ म्हटले त्यांतील कितीतरी रोगी स्त्रिया निरोगी म्हणून नोंदल्या गेल्या असत्या! त्यांतील काहींना रोगाची खूणच जाणवत नसेल. काहींना ती जाणवत असेल, पण बाईच्या जन्माला हे असावयाचेच, अशी समजूत असेल. डॉक्टर स्त्री होती आणि ती गावात येऊन बसली होती, म्हणून हा फरक उघडकीस आला. भायखळ्यातील आमच्या कागदावरच्या ‘नाही’चा अर्थ आम्हांस येथे प्रथम उमगला.

निबंधाला जे सांगता आले नाही ते सांगण्यासाठी राणी बंग यांना पुस्तक लिहावे लागले. पुस्तकाचे नाव ‘कानोसा’. मराठीतील हा शब्द फार नेमका आहे. कानोसा घेणारा माणूस प्रश्न विचारीत नाही. तो चालता चालता थांबतो, श्वास रोखतो, आणि आतल्या खोलीतून येणारी बारीक चाहूल ऐकतो. या पुस्तकात खेड्यातील स्त्रिया आपल्या शरीराविषयी काय समजतात आणि ते कोणत्या शब्दांत सांगतात, याला पहिला मान आहे. वैद्यकाचा शब्द मागून येतो. आम्हांस यात शैलीपेक्षा निराळी गोष्ट दिसते. ‘अंगावरून पांढरे जाते’ असे बाई म्हणते, तेव्हा ती रोगाच्या नावापेक्षा अधिक काही सांगत असते. अशक्तपणा, कंबरेचा ठणका, नवऱ्याशी असलेला व्यवहार, कामाचा भार, सारे त्या तीन शब्दांत येते. त्याचे ‘श्वेतप्रदर’ केले की रोग हाती राहतो आणि बाई निसटते.

यापुढचा ग्रंथ बीडचा. तो अजून लिहिला जात आहे, असेच म्हटले पाहिजे. दुष्काळी मराठवाड्यातून दिवाळीच्या सुमारास लक्षावधी माणसे ऊसतोडीला निघतात. मुकादम उचल देतो, ती नवराबायकोच्या जोडीला मिळते, आणि त्या जोडीचे नाव ‘कोयता’. कामाचा एक दिवस चुकला की ‘खाडा’ पडतो आणि दंड भरावा लागतो. पाळीच्या दिवशी दुखले तरी खाडा, बाळंतपणानंतर उठवले नाही तरी खाडा. राहावयाचे कोपीत, संडास नाही, न्हाणी नाही, आडोसा उसाचाच. या बायकांपैकी पुष्कळजणींचे गर्भाशय काढून टाकलेले आहे, असा बोभाटा २०१९ साली झाला. राज्य सरकारने विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांतील १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले निघाले, म्हणजे शंभरात सुमारे सतरा. त्याआधीच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सबंध महाराष्ट्रातील हे प्रमाण शंभरात तिनाहूनही कमी होते. शस्त्रक्रिया बहुतांशी खासगी दवाखान्यांत झालेल्या, आणि बायकांत चाळिशीच्या आतल्या पुष्कळ.

एवढ्या मोठ्या पाहणीविषयी कृतज्ञता बाळगून आम्ही दोन आक्षेप नोंदवितो. पहिला वृत्तपत्रांवर. ‘गर्भाशय नसलेल्या बायकांचे गाव’ अशा मथळ्यांखाली खेड्यांची नावे छापली गेली. शहराचे नाव छापल्याने कोणी ओळखला जात नाही. शेदोनशे उंबऱ्यांच्या गावाचे नाव छापले की त्यातील प्रत्येक बाई ओळखली जाते, जिची शस्त्रक्रिया झाली नाही तीसुद्धा. मदनपुऱ्यात जे हातांनी केले ते येथे मथळ्यांनी केले.

दुसरा आक्षेप प्रश्नाच्या घडणीवर आहे. चर्चेत पुन्हा पुन्हा विचारले गेले की, ‘मुकादमाने जबरदस्ती केली काय?’ बहुतेक बायका याला ‘नाही’ म्हणणार, आणि ते खोटेही नव्हे. त्यांना कोणी ‘पिशवी काढ’ असा हुकूम दिलेला नसतो. अंगावरून पांढरे जाते, पोटात दुखते. दवाखान्यात जावे तर खाडा. गेलीच, तर पुढे कॅन्सर होईल अशी भीती घातली जाते. मुले झालेली आहेतच. मग उचलीवर आणखी कर्ज काढून एकदाची कटकट मिटवावी, असे तीच ठरविते. ‘कोणी केले?’ या प्रश्नाला या गोष्टीत उत्तर नाही. ‘कसकसे झाले?’ असे विचारून गप्प बसावे, तेव्हा ही साखळी कडीकडीने बाहेर येते, आणि तीत दंड, दवाखाना, दुष्काळ आणि न्हाणीचा अभाव हे सगळे आपापल्या जागी दिसू लागतात.

‘पिशवी’ हा शब्दही थोडा थांबून ऐकण्यासारखा आहे. आपल्या भाषेत त्या अवयवाला ‘कूस’ हा शब्द होता; ‘कूस उजवली’ म्हणताना घर आनंदून जात असे. पिशवी ही वस्तू रिकामी झाली की खुंटीला टांगावयाची, फाटली की टाकावयाची. हा शब्द बायकांनी दवाखान्यातून घरी नेला की घरातून दवाखान्यात नेला, हे सांगणे कठीण आहे. पण जिने तो उच्चारला तिच्या मनात निर्णय अर्धा झालेला असतो. त्यात खरे दुःख हे की, ज्या दुखण्यांची गणती १९८९ साली गडचिरोलीत झाली, त्यांतील निम्मी साध्या औषधांनी आटोक्यात येण्याजोग्या संसर्गाची होती. तीस वर्षांनंतर तशाच तक्रारी घेऊन आलेल्या बीडच्या बाईला उपाय म्हणून सुरी दाखविली गेली. गडचिरोलीचा निबंध जगाने वाचला. आपल्याच प्रांतातील दुष्काळी तालुक्यांपर्यंत तो औषधाच्या रूपाने पोहोचला नाही.

कोणी म्हणेल की, आकड्यांवाचून सरकार हलत नाही, आणि जिन्यात कुजबुजलेल्या गोष्टींवर कायदे होत नाहीत. हे आम्हांस मान्य आहे. बार्न्सबाईंच्या अहवालावाचून १९२९ चा कायदा सुचला नसता. बीडची मोजणी झाली नसती तर खासगी दवाखान्यांतील या शस्त्रक्रियांवर जिल्हा शल्यचिकित्सकाच्या परवानगीचे बंधन आले नसते. आमचा झगडा आकड्याशी नाही. सासू आणि दीर समोर बसलेले असता मिळालेला ‘नाही’ हाही आकड्यातच जाऊन बसतो, आणि बेरीज करणाऱ्याला तो इतर आकड्यांसारखाच दिसतो, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे. चुकीच्या ठिकाणी विचारलेल्या प्रश्नांतून रोगी स्त्रिया निरोगी ठरतात, आणि त्यांच्यासाठी खर्च करावयाचा पैसा अन्यत्र जातो. आडोसा करून देणे हे सौजन्य तर आहेच, पण खरी माहिती मिळण्याची ती पहिली अट आहे.

विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर शेवटी तिनेच शोधले. ती पुन्हा त्या चाळीत गेली, या वेळी दुपारी, घरात सून एकटी असताना, आणि कागद पिशवीतच ठेवून तिने विचारले, ‘त्या दिवशी जिन्यात बोललात ते मी लिहू का?’ सून थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘लिही. दुसरीला तरी गाडी मिळेल. पण चाळीचं नाव नको घालू.’

चाळीचे नाव आम्हीही येथे घातलेले नाही. आमचे ते शुद्ध मराठी भाषांतर मात्र आम्ही परत मागून घेतले आणि त्यातील प्रश्न पुन्हा लिहिले. पहिला प्रश्न आता असा आहे : ‘आत्ता बोलायला बरं वाटेल, की मी नंतर येऊ?’